गोखल्यांची भाषणं आणि लेख, तीन खंड: काही महिने वापरल्यावर

कोल्हापुरात गोखले कॉलेज कुणाला माहीत नाही? पण इथल्याच राजाराम कॉलेजात शिकलेले गोपाळ कृष्ण गोखले ब्रिटिश साम्राज्याकडे सुरुवातीला कसे बघत होते, असं विचारलं की 'मवाळ' एवढंच उत्तर मिळतं. पुण्याच्या डेक्कन सभा या संस्थेसाठी निघालेले तीन इंग्रजी खंड (आर्थिक १९६२, राजकीय १९६६, शैक्षणिक १९६७) नीट वापरले, तर हे उत्तर अपुरं पडतं.

मोठी अडचण मांडणीची. खंड विषयवार आहेत, त्यामुळे विचारांचा क्रम विस्कटतो. विद्यार्थी आधी राजकीय खंड काढतात, १९०५ मधली राजनिष्ठेची वाक्यं उतरवून घेतात आणि थांबतात. वहीत आधी सनावळी करा आणि आर्थिक मजकुरापासून सुरुवात करा.

पहिल्यांदा १८९७ ची वेल्बी कमिशनपुढची, म्हणजे हिंदुस्थानच्या खर्चाची चौकशी करणाऱ्या ब्रिटिश आयोगापुढची साक्ष. तेव्हा गोखले तिशीचे होते. रुपया घसरला म्हणून युरोपियन अधिकाऱ्यांना भरपाई भत्ता, आणि तो भरणार इथला करदाता. यावर ते बोट ठेवतात. वरच्या जागा परक्यांकडे राहिल्याने हिंदी माणसाची वाढ खुंटते, आपल्यातल्या उंचातल्या उंचालाही वाकावं लागतं, हे त्यांनी लंडनमध्ये कमिशनच्या तोंडावर सांगितलं. याला नुसतं मवाळ कसं म्हणायचं?

मग २६ मार्च १९०२ चं बजेटवरचं भाषण. दुष्काळातही सरकारकडे शिल्लक कशी, याचा हिशेब इथे आहे. १३ पेन्सच्या आसपास गेलेला रुपया १६ पेन्सवर आणला गेला. पौंडाचे २४० पेन्स, म्हणजे सरकारला विलायतेत एक पौंड भरायला आधी साधारण साडेअठरा रुपये लागायचे, नंतर १५. शिल्लक दिसते ती या वाचलेल्या साडेतीन रुपयांमुळे; ती रयतेची भरभराट नव्हे. मिठावरचा कर मात्र १८८८ पासून मणाला अडीच रुपयेच. तो १९०३ मध्ये दोनवर आला, १९०७ मध्ये एकावर.

आकडे वाचताना हमखास चूक होते ती 'आरएक्स' (Rx) या खुणेपाशी. त्या काळच्या हिशेबात ती दहा रुपयांची आहे. पौंड किंवा एक रुपया समजलात, तर पुढचा सगळा ताळा चुकतो.

मराठी वाचकासाठी टिपा अपुऱ्या वाटतात. शैक्षणिक खंड या विषयासाठी मागे ठेवला तरी चालेल. विकत घेण्याआधी शिवाजी विद्यापीठाच्या खर्डेकर ग्रंथालयात चौकशी करा, आणि एकच खंड मिळणार असेल तर आर्थिकच घ्या.