बायोफ्लॉकच्या नावाखाली 'मासे परत घेऊ'चा करार: सही करण्याआधी वाचा

बायोफ्लॉकच्या, म्हणजे कमी पाण्यात दाटीने मासे पाळायच्या टाक्या बसवून देतो, मासेही आम्हीच विकत घेतो, असं म्हणत कुणी तुमच्याकडे आलं असेल तर पैसे देण्याआधी माझं काय झालं ते वाचा.

तंत्र खोटं नाही. माशांची विष्ठा आणि उरलेल्या खाद्यातून पाण्यात अमोनिया साठतो. गूळ किंवा मळी घालून चोवीस तास हवा सोडली की जिवाणू तो अमोनिया वापरून वाढतात, त्यांचे पुंजके होतात आणि मासे तेच खातात. पाणी फारसं बदलावं लागत नाही. पाण्याची ओढ असलेल्या आमच्या भागात हे पटणारच, आणि ते लोक नेमकं हेच सांगत आले.

टाक्या, ब्लोअर (पाण्यात हवा सोडणारं यंत्र), बीज (माशांची पिल्लं), खाद्य, सगळं त्यांच्याकडूनच घ्यायचं. तयार मासे बाजारापेक्षा जवळजवळ दुप्पट भावाने तेच उचलणार. बीज 'गिफ्ट तिलापिया, सगळे नर' म्हणून दिलं. गिफ्ट म्हणजे तिलापिया माशाची लवकर वाढणारी सुधारित जात. माद्या असल्या की टाकीतच वीण सुरू होते, गर्दी वाढते आणि मासा खुरटतो.

काही महिन्यांनी रात्री टाकीच्या कडेला बॅटरी मारली, तर सुईएवढी पिल्लं झुंडीने फिरताना दिसली. भिगवणच्या बाजारात उजनीचे मासे विकणाऱ्या मावशींना आमचे मासे दाखवले. त्या लगेच म्हणाल्या, "दादा, ही धरणातली साधी चिलापी. असली आमच्याकडे पाट्या भरून येते." चिलापी म्हणजे आपल्याकडचा साधा तिलापियाच.

आता करारातलं शेवटचं पान ऐका. अर्ध्या किलोच्या आतला मासा घेणार नाही, आणि दर्जा ठरवणार कंपनी. नर-मादी मिसळलेलं बीज दाटीत अर्ध्या किलोवर जाणं अवघडच. म्हणजे बीज देतानाच मासे परत घ्यावे लागणार नाहीत याची सोय केलेली. त्यांची कमाई टाक्या आणि खाद्य विकण्यात आहे, मासे घेण्यात नाही. माझ्यासारखी फसलेली आणखी कुटुंबं भेटली, काहींनी दागिने गहाण टाकलेत. संताप येतो तो याचा.

अनुदानाच्या 'फाइल'चे पैसेही वेगळे घेतले. प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत सर्वसाधारण गटाला 40 टक्के, महिला आणि अनुसूचित जाती-जमातींना 60 टक्के अनुदान आहे हे खरं. पण जिल्ह्याच्या मत्स्य कार्यालयात विचारलं, तर आमचा अर्जच गेलेला नव्हता. तिलापिया पाळायला परवानगी लागते, हेही तिथेच कळलं.

अस्सल गिफ्ट बीज विजयवाड्याजवळ राजीव गांधी सेंटर फॉर ॲक्वाकल्चरच्या केंद्रात तयार होतं. विकणाऱ्याकडे बीजकेंद्राची पावती मागा. ज्याचे मासे त्यांनी खरोखर उचललेत अशा शेतकऱ्याकडे स्वतः जा आणि त्याचं बँक पासबुक बघा. कंपनीच्या नमुना शेडवर जाऊन काही कळत नाही. फसला असाल तर करार, पावत्या, व्हॉट्सॲपवरचं बोलणं काही पुसू नका. आम्ही पोलिसांत एकत्र तक्रार दिली आहे. ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक 1915 आहे.