व्हिटॅमिन ई ४०० कॅप्सूल, "हार्टसाठी अँटीऑक्सिडंट" : २ स्टार

बाबांसाठी घेतली, अँजिओप्लास्टी झालीय त्यांची. गिळायला सोपी, वास नाही, दोन स्टार त्याचेच. पण डब्यावर लिहिलंय फ्री रॅडिकल्स (पेशींना इजा करू शकणारे अस्थिर रेणू) संपवून हार्ट मजबूत करते, ते अजिबात पटलं नाही. हृदयाच्या पेशीत मायटोकॉन्ड्रिया, म्हणजे ऊर्जा बनवणारे छोटे भाग, ठासून भरलेले असतात, ऑक्सिजन वापरून ऊर्जा बनवताना थोडे इलेक्ट्रॉन निसटतात आणि त्यातून सुपरऑक्साइड नावाचा असाच एक फ्री रॅडिकल तयार होतो, हे नॉर्मलच आहे आणि थोडं लागतंही, कारण पेशी ताणली गेली की याच रेणूंच्या इशाऱ्यावर आतलं कॅल्शियम सुटणं बदलतं आणि कॅल्शियमशिवाय ठोका नाही. जास्त झालं की मात्र नुकसान, बंद पडलेली नळी उघडून रक्त परत धावतं तेव्हा तर लोंढाच येतो. म्हणून सगळंच पुसून टाकायचं का?

आणि ट्रायल झालीय हो याची, होप नावाची, २००० साली रिझल्ट आला, ९ हजारांवर पेशंट, रोज ४०० युनिट, साडेचार वर्षं, हार्ट अटॅक काही कमी झाले नाहीत. २००५ च्या फॉलोअपमध्ये तर हार्ट फेल्युअर (हृदयाची रक्त ढकलायची ताकद कमी पडणं) जास्त दिसलं!! हे डब्यावर कुठेच नाही, खूप राग आला. को-क्यू-टेन या दुसऱ्या अँटीऑक्सिडंट गोळीचं जरा वेगळं, २०१४ च्या ४२० पेशंटांच्या ट्रायलमध्ये हार्ट फेल्युअरवाल्यांना फायदा दिसला, पण ट्रायल लहान होती. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर दोन्हीपैकी काहीही डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नका प्लीज.