जॉन मॅकलॉफलिन, आठ महिने रोज ऐकल्यावर

आधीच सांगते, मी गिटार वाजवत नाही. लहानपणी तबल्याच्या दोन परीक्षा दिल्या, तिसरीच्या आधी बारावी आली आणि तबला माळ्यावर गेला तो गेलाच, एवढीच माझी पुंजी. मागच्या दिवाळीत दिराने 'फ्रायडे नाइट इन सॅन फ्रान्सिस्को' पाठवला, तीन गिटारवाल्यांचा तो फेमस लाइव्ह अल्बम, ५ डिसेंबर १९८० चं रेकॉर्डिंग, आणि खाली लिहिलेलं, "वहिनी मॅकलॉफलिन ऐका, माणूस आहे का मशीन." ऐकलं. पहिला ट्रॅक अकरा मिनिटांच्या वर, शिट्ट्या काय, आरडाओरडा काय, सुरांची नुसती गारपीट. मीपण चार जणींना फॉरवर्ड केलं. आणि तीन महिन्यांनी कळलं की त्या पहिल्या ट्रॅकमध्ये मॅकलॉफलिन नाहीच्चे! तिथे फक्त पाको दे लुसिया आणि अल दि मिओला आहेत, हा पुढच्या ट्रॅकमध्ये येतो. दिराला सांगितलं तर म्हणे, "मग मशीन कोण?"

तर अशी सुरुवात. पण तोपर्यंत नाद लागला होता. डोंबिवली ते सीएसएमटी जाऊन-येऊन रोज अडीच तास हातात असतात, त्यात ठरवून एकेक अल्बम क्रमाने ऐकला, मधेच उड्या मारायच्या नाहीत असं स्वतःलाच बजावून. आता आठ महिने झाले, म्हणून लिहितेय.

माणूस इंग्लंडचा, डॉनकास्टरचा, जन्म १९४२. पहिला स्वतःचा अल्बम 'एक्स्ट्रापोलेशन', लंडनमध्ये १९६९ च्या जानेवारीत केलेला, जॉन सर्मन सॅक्सवर. मला वाटलं पहिला म्हणजे कच्चा असेल, तर अजिबात नाही, आजही सकाळी सातच्या गाडीत सगळ्यात छान लागतो तो हाच. मग फेब्रुवारीत हा न्यूयॉर्कला ड्रमवाल्या टोनी विल्यम्सच्या बँडसाठी गेला आणि काही दिवसांतच, १८ फेब्रुवारीला, जॅझ ट्रंपेटवाल्या माइल्स डेव्हिसबरोबर स्टुडिओत 'इन अ सायलेंट वे' या अल्बमला बसलेला. माइल्सने त्याला सांगितलं की गिटार वाजवता येत नाही असं वाजव. हे वाचून मी परत ऐकलं आणि तेव्हा कुठे ट्यूब पेटली, सुरुवातीला गिटार किती बिचकत बिचकत, चोरपावलांनी येते ते! ज्याचा हात इतका तयार आहे त्याला असं सांगणं आणि त्याने ते ऐकणं, दोन्ही कमाल.

माइल्सच्याच 'जॅक जॉन्सन' अल्बममधली एक जागा सांगितल्याशिवाय पुढे जाणार नाही. पहिलाच ट्रॅक, 'राइट ऑफ'. गिटार, बेस, ड्रम तिघं मजेत ई पट्टीत एक साधी ठेकेबाज गत चालवतायत, माइल्स अजून आलाच नाहीये. दोनेक मिनिटांनी मॅकलॉफलिन एकदम बी फ्लॅटला जातो, बेसवाल्या मायकेल हेंडरसनच्या ते लक्षात येत नाही, तो आपला ई लाच धरून बसलाय, सगळं क्षणभर खटकतं, म्हणजे आपल्याकडे पेटी एका पट्टीत आणि गायक दुसऱ्या पट्टीत असं झालं तर गुरुजी पेटीवर हात ठेवून थांबवतील तसं, आणि नेमकं त्या खटक्यातच माइल्सचं ट्रंपेट घुसतं. आणि गिटार काय करते? मागे सरकते. जागा देते. मी ही जागा कुर्ला ते दादर पाच-सहा वेळा मागे घेऊन ऐकली असेल.

आता महाविष्णू ऑर्केस्ट्रा, त्याचा स्वतःचा बँड. (श्री चिन्मय यांचा शिष्य झाल्यावर मिळालेलं नाव महाविष्णू, नावावरून मी भजन समजले होते.) खरं सांगते, पहिल्या महिन्यात सोडून दिला. 'द इनर माउंटिंग फ्लेम' लावला आणि ठाण्यापर्यंत डोकं धरलं. पनामाचा बिली कॉबम ड्रमवर, चेक यान हॅमर कीबोर्डवर, आयरिश रिक लेअर्ड बेसवर, अमेरिकन जेरी गुडमन व्हायोलिनवर आणि हा दोन मानांची गिटार घेऊन, सगळे एकाच वेळी सुटलेले. गिटार कुठे संपली आणि हॅमरचा कीबोर्ड कुठे चालू झाला ते कळत नाही, आणि कळत नाही हीच गंमत आहे हे कळायला मला मार्च उजाडला. उपाय सापडला तो स्वयंपाकघरात. 'बर्ड्स ऑफ फायर' लावून कणीक मळताना मोजायला लागले, सोळावर सम येईना, वीसवर येईना, परातीवर बोटं आपटत शेवटी अठरावर आली. अठरा! एकदा सम सापडली की तोच गोंगाट चक्रासारखा फिरायला लागतो. ज्याला ताल मोजायची सवय आहे त्याने हा बँड मोजूनच ऐकावा. हा मूळ संच १९७३ संपता संपता फुटला. कार्लोस सान्तानाबरोबरचा 'लव्ह डिव्होशन सरेंडर' बरा आहे, दोघं जॅझ सॅक्सवाल्या कोल्ट्रेनच्या भक्तीत बुडालेले. लंडन सिंफनीबरोबरचा 'अपॉकॅलिप्स' मला जड गेला, दोनदा झोप लागली, एकदा कळव्याला जाग आली.

आणि मग शक्ती, त्याचा पुढचा बँड. इथून पुढे मी निष्पक्ष नाही.

पहिला अल्बम १९७५ च्या जुलैत न्यूयॉर्कजवळ लाँग आयलंडच्या एका कॉलेजात लाइव्ह केलेला. कालपरवापर्यंत कानठळ्या बसवणारा माणूस इलेक्ट्रिक गिटार ठेवून देतो आणि खाली मांडी घालून बसतो. एल. शंकर व्हायोलिन, आपल्या माहीमचे झाकीरभाई तबल्यावर, विक्कू विनायकराम घटम, रामनाड राघवन मृदंगम. गिटारपण खास बनवून घेतलेली, पट्ट्यांमधलं लाकूड खोलगट कोरलेलं, म्हणजे तार दाबून-ओढून मींड काढता यावी, आणि भोकावरून तिरप्या सात तारा, सतारीच्या तरफेसारख्या. त्याआधी हा अमेरिकेत डॉ. एस. रामनाथन यांच्याकडे वीणा शिकलेला आहे, म्हणजे दोन राग ऐकून आले आणि फ्यूजन केलं असला प्रकार नाही. 'जॉय' अठरा मिनिटांचा, त्यात गिटार आणि व्हायोलिन इतक्या वेगात एकच ओळ एकत्र वाजवतात की दोन वाद्यं आहेत हे विसरायला होतं. पण मला त्यापेक्षा आवडतं ते पुढचं, तबला-घटम बोलायला लागले की हा थांबतो, ऐकतो, अंतर राखून एखादा तुकडा टाकतो. अगदी मुरलेल्या साथीदारासारखं. दिराचं मशीन ते हेच, आणि ते गप्प बसल्यावर जास्त चांगलं वाजतं, हे माझं आठ महिन्यांचं मत.

शक्तीच्याच 'अ हँडफुल ऑफ ब्युटी'ची जुनी रेकॉर्ड हौसेने मागवली, नाव घेत नाही दुकानाचं, कव्हर बरोबर आणि आत डिस्को. "बदलून देतो मॅडम" म्हणाले, अजून देतायत. ॲपची तक्रार वेगळी, एल. शंकर आणि शंकर महादेवन एकच माणूस समजून दोघांची गाणी एका पानावर घातलीयत. आईने एकदा माझा फोन घेतला आणि विचारलं, हा व्हायोलिन पण वाजवतो?

ज्याबद्दल कोणी फारसं बोलत नाही तो अल्बम म्हणजे 'लाइव्ह ॲट द रॉयल फेस्टिव्हल हॉल', नोव्हेंबर १९८९, लंडन. तिघंच. बेसवर काय एकहार्ट आणि तालावर त्रिलोक गुर्टू, म्हणजे शोभाताई गुर्टूंचा मुलगा, मुंबईचा. हे माझ्या सासूबाईंना सांगितलं तेव्हा पहिल्यांदा त्यांनी माझ्या या खुळात रस घेतला, कारण शोभाताई त्यांच्या दैवत. त्रिलोक घंटेवर टोला मारून ती घणघणत असतानाच पाण्याच्या बादलीत बुडवतो आणि सूर वाकडा होत खाली जातो. सासूबाईंनी ऐकून विचारलं, "नळ आला का?" गुरुवारी आमच्याकडे पाणी नसतं.

'सॅटरडे नाइट इन बॉम्बे' डिसेंबर २००० चा, नावावरून माझ्या फार अपेक्षा होत्या. यू. श्रीनिवास यांचं मँडोलिन, शिवकुमार शर्मांचं संतूर, शंकर महादेवनचा आवाज, शिवमणी, सगळंच भारी पण पंगतीला पानात पंधरा पदार्थ एकदम वाढल्यासारखं झालंय, मॅकलॉफलिन शोधावा लागतो. त्यापेक्षा आधीचा 'रिमेंबर शक्ती' घ्या, हरिप्रसाद चौरसियांच्या बासरीबरोबरचा, निवांत आहे.

२०२३ चा 'धिस मोमेंट' म्हणजे शक्तीचा ४६ वर्षांनी आलेला स्टुडिओ अल्बम, २०२४ ला ग्रॅमी मिळाला तोच. पहिल्यांदा ऐकून नाक मुरडलं, इथे गिटार सिंथेसायझरमधून येते, लाकडाचा आवाजच नाही. पण हातांच्या संधिवाताशी झगडलेला, ऐंशी ओलांडलेला माणूस आहे हे लक्षात ठेवून परत ऐकला तर महादेवनच्या आलापामागे तो नुसता धूर सोडल्यासारखा सूर धरून ठेवतो ते कळलं. त्यातल्या 'श्रीनीज ड्रीम'ला मात्र मी प्रत्येक वेळी थांबते, श्रीनिवास २०१४ ला गेले, फक्त ४५ वर्षांचे. आणि १५ डिसेंबर २०२४ ला झाकीरभाई गेले, त्यानंतर तबला ऐकतानाही तसंच होतं.

कुठून सुरू करायचं विचाराल तर सॅन फ्रान्सिस्कोपासून नको. 'राइट ऑफ'ची पहिली तीन मिनिटं, मग 'जॉय', मग बादली. हेडफोन चांगले हवेत, घटमचा खालचा आवाज फोनच्या स्पीकरवर येतच नाही. सध्या झाकीरभाईंचा 'मेकिंग म्युझिक' चालू आहे, १९८७ चा, त्यातही हा आहेच, अजून चौथ्यांदाच ऐकतेय. तबला माळ्यावरून काढलाय, शाई गेलीय, पुडी बदलून घ्यायला टाकलाय.