हायपोक्लोराइटचा (क्लोरीनच्या जंतुनाशकाचा) ५ लिटरचा कॅन: नर्सिंग होमसाठी घ्यावा का?
जरूर घ्या, पण कॅनवरची तारीख बघूनच. उन्हानं आणि उष्णतेनं यातला क्लोरीन कमी होत जातो. परभणी-नांदेडच्या मे महिन्यात पत्र्याच्या स्टोअरमध्ये ठेवलेला कॅन वास मारतो, जंतू मात्र मारत नाही. म्हणून मोठा साठा नको, सावलीत ठेवा.

५ टक्क्यांच्या कॅनमधलं १०० मिली पाण्यात घालून एकूण ५ लिटर केलं की ०.१ टक्के द्रावण होतं. कॉटचे कठडे, दाराच्या कड्या यासाठी पुरे. रक्त सांडलं तर १ टक्का हवं: १ भाग कॅनमधलं औषध, ४ भाग पाणी. हातमोजे घाला, डागावर कापड टाका, द्रावण ओता, १० मिनिटं थांबा, मग कापड दवाखान्यातल्या जैववैद्यकीय कचऱ्याच्या पिवळ्या पिशवीत. ही १० मिनिटंच सगळीकडे चुकतात. ओतलं की लगेच पुसतात.

आधी घाण धुवा, नाहीतर क्लोरीन तिच्यातच संपतो. द्रावण रोज ताजं करा. संडास साफ करायच्या अ‍ॅसिडसोबत कधीच मिसळू नका, विषारी वायू निघतो. स्टीलला गंज चढतो, तेव्हा ट्रॉली नंतर साध्या पाण्यानं पुसून घ्या.