पिकअपचा ऑक्सिजन सेन्सर घरी बदलला : साडेसात महिन्यांनंतर

माझी पिकअप छोटी आहे. पेट्रोल-सीएनजी, बीएस-६, इंजिन सीटखाली. पहाटे साडेतीनला कोपरखैरण्याहून निघायचं, एपीएमसीच्या कांदा-बटाटा मार्केटात माल भरायचा आणि ऐरोली, विटावा, कळवा करत ठाण्यात खोपटपर्यंत दुकानादुकानांत गोण्या उतरवायच्या. रोजचे ७० किलोमीटर आणि वीसेक थांबे. गाडीची वॉरंटी संपलेली आहे. ज्यांची चालू असेल त्यांनी पुढचं सगळं वाचावं, पण पान्याला हात न लावता गाडी सर्व्हिस सेंटरला न्यावी.

ऑक्टोबरात पाऊस ओसरला आणि मीटरवर इंजिनाचा पिवळा दिवा लागला. गाडी बंद पडत नव्हती, मिसिंगही (इंजिनाचे झटके) नव्हतं. ॲव्हरेज मात्र घसरलं. माल भरून किलोला २० किलोमीटर देणारी गाडी १७ वर आली. मी डायरीत रोजचं रीडिंग आणि गॅस लिहितो, म्हणून आठवडाभरात लक्षात आलं. एका गॅरेजमध्ये स्कॅनर लावून बिघाडाचा कोड पुसला, ५०० रुपये घेतले. तिसऱ्या दिवशी दिवा परत. दुसऱ्या ठिकाणी सांगितलं, दोन्ही ऑक्सिजन सेन्सर बदला, मजुरीसकट साडेनऊ हजार, आणि तरी दिवा गेला नाही तर कॅट कन्व्हर्टर (धूर साफ करणारा भाग) बघू. ते ‘तरी गेला नाही तर’ मला खटकलं. कुठला भाग बिघडलाय हे न बघताच साडेनऊ हजार मागत होते.

माझे मामा एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेत. त्यांना फोन केला तर पहिलाच प्रश्न, “कोड नंबर काय होता?” मला ठाऊक नव्हता. कुणी दाखवलाच नव्हता. त्या रात्री मी मोबाइलला ब्लूटूथने जोडायचा ओबीडी रीडर (गाडीतला बिघाडाचा कोड वाचणारं यंत्र) मागवला, ७०० रुपयांचा. या सगळ्या प्रकरणात सर्वांत कामाला आलेली वस्तू तीच.

कोड निघाला पी ०१३५. म्हणजे पुढच्या, कॅट कन्व्हर्टरच्या आधीच्या सेन्सरच्या हीटरचं सर्किट. मागच्या सेन्सरच्या हीटरचा कोड वेगळा असतो, पी ०१४१, आणि तो आलाच नव्हता. म्हणजे दोन्ही बदलायचं कारण तिथेच संपलं.

हा सेन्सर करतो काय, ते समजल्यावर मला माझ्या गाडीचं ऑक्टोबरातलं वागणं उलगडलं. त्याच्या टोकाला झिर्कोनियाची सिरॅमिक कुपी असते. एका बाजूला धूर, दुसऱ्या बाजूला बाहेरची हवा. दोन्हीकडच्या ऑक्सिजनमध्ये फरक असला की ती स्वतःच व्होल्टेज तयार करते. इंधन जास्त पडत असेल तर ०.८-०.९ व्होल्ट, हवा जास्त असेल तर ०.१-०.२. त्यावरून ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, इंधन कमी-जास्त करत राहतो. पण कुपी साधारण ३०० अंशांच्या वर तापल्याशिवाय नीट बोलत नाही, म्हणून आतच एक हीटर बसवलेला असतो. माझा तोच गेला होता. मग सेन्सर फक्त धुराच्या उष्णतेवर तापायचा. ठाणे-बेलापूर रोडवर सलग गाडी पळाली की तापायचा आणि सगळं सुरळीत. कळव्याच्या गल्लीत दहा मिनिटं गोण्या उतरवत उभं राहिलं, परत सुरू करून पाचशे मीटर गेलो, परत उभा, की थंडच. तेवढा वेळ ईसीयू अंदाजाने इंधन ओतायचा. लांब पल्ल्याच्या गाडीवाल्याला हा बिघाड महिनोन्‌महिने जाणवणार नाही. आमच्यासारख्या थांब्या-थांब्याच्या धंद्यात तो रोज गॅस खातो.

तरीही मामांनी लगेच बदलू दिला नाही. “बल्ब पेटला नाही तर आधी फ्यूज बघतोस ना? मग इथे का नाही?” हीटरचा फ्यूज बघितला, शाबूत. मग कपलर (तारांचा प्लग) सोडवून सेन्सरच्या दोन पांढऱ्या तारांवर मल्टिमीटर लावला. चार तारांच्या सेन्सरमध्ये बहुतेक वेळा दोन्ही पांढऱ्या हीटरच्या असतात. चांगल्या हीटरचा रोध काही ओहम येतो. माझ्याकडे मीटर हललाच नाही, म्हणजे आतली तार तुटलेली. शेवटी गाडीकडच्या कपलरमध्ये चावी फिरवून बॅटरीचा पुरवठा येतोय हे तपासलं. येत होता. आता सेन्सरच दोषी, याबद्दल शंका उरली नाही.

इथे मी चूक केली, आणि खरं तर तीच सांगायला हे लिहायला घेतलं. दुकानदाराने ११०० रुपयांचा ‘सगळ्या गाड्यांना चालतो’ असा सेन्सर पुढे केला. कपलर नाही, नुसत्या चार तारा. जुन्याचा कपलर कापून जोडायच्या. नोव्हेंबरच्या मध्यावर जोडला. सोल्डरिंग मला येतं, म्हणून छान चकचकीत सांधे केले, वर टेप. दिवा गेला, ॲव्हरेज वाढलं. साधारण सहा आठवडे. डिसेंबर संपता संपता तोच पिवळा दिवा, तोच पी ०१३५. हीटर परत गेलेला.

मामांनी ते सांधे हातात घेऊन बघितले आणि दुसरीच गोष्ट सांगितली. बऱ्याच सेन्सरमध्ये तुलनेसाठी लागणारी बाहेरची हवा तारांच्या आतूनच, धाग्यांमधल्या फटीतून आत जाते. सोल्डर ओतलं की ती वाट बुजते आणि सेन्सर चुकीचं सांगू लागतो. म्हणूनच तारा जोडायच्याच असतील तर दाबून बसवणारे क्रिंप वापरतात, आणि त्या कपलरमध्ये ग्रीस भरत नाहीत, स्प्रेही मारत नाहीत. हीटर माझ्या सोल्डरमुळे गेला असं मी म्हणणार नाही. पण तो सेन्सर टिकला असता तरी माझ्या हाताने तो आधीच अर्धा बिघडला होता.

दुसऱ्या वेळी नंबर बघून घेतला. गाडीच्या मूळ सेन्सरच्या षटकोनावर भागाचा नंबर कोरलेला होता, वायर ब्रशने घासल्यावर दिसला. फोटो काढला, तोच नंबर, तोच कपलर, तेवढ्याच लांबीची तार. ३४०० रुपये लागले. कंपनीचं नाव मी इथे देत नाही, कारण तुमच्या गाडीचा नंबर वेगळा असेल आणि नाव वाचून चुकीचा भाग घ्याल. नंबर जुळवा, एवढंच.

जानेवारीचा पहिला रविवार. आदल्या रात्री आट्यांवर गंज सोडवायचा स्प्रे मारून ठेवला होता. सकाळी इंजिन पाच-सात मिनिटं चालवून बंद केलं आणि मॅनिफोल्ड (सेन्सर बसतो ती धुराची नळी) हात लावण्याइतका निवेपर्यंत थांबलो. अगदी थंड असेल तर आटे आवळून धरतात, फार गरम असेल तर चटका. सिलिंडरचा हाताने बंद करायचा व्हॉल्व्ह बंद, बॅटरीची निगेटिव्ह तार काढलेली, चाकांना दगड. सीएनजीच्या पाइपांना हात लावायचा नाही हे मामांनी दोनदा बजावलं. सीट उचलल्यावर वरून पाना बसतो, पण कपलर सोडवायला मला खाली जावं लागलं.

षटकोन २२ मिलिमीटरचा. तारेसाठी खाच असलेलं खास सॉकेट मी ४५० रुपयांना घेतलं होतं. एक गोष्ट सावधपणे सांगतो: खाचेमुळे ते सॉकेट जोर लावल्यावर फाकतं आणि षटकोनाचे कोपरे खातं. नोव्हेंबरात मूळ सेन्सर काढताना माझ्याकडून तसं होत होतं. मामांनी मला थांबवलं, फेकायच्या सेन्सरची तार कापून टाकली आणि साधा २२ चा बंद रिंग पाना चढवला. एक करकर असा आवाज आला आणि सुटला. पण तार कापायची ती मल्टिमीटरची तपासणी झाल्यावर आणि नवा सेन्सर हातात असतानाच. जानेवारीत सहा आठवड्यांचेच आटे होते, त्यामुळे पाना टेकवताच फिरला.

जुना निघाला की त्याचं टोक नक्की बघा. माझ्या मूळ सेन्सरचं टोक काळं, कोरड्या काजळीने माखलेलं होतं, बोटाला लागलं की पुसलं जात होतं. इंधन जास्त पडल्याची ती खूण. पांढरी भुकटी दिसली तर सिलिकॉनचा संशय घ्यावा. इंजिनाच्या पॅकिंगला नको तो सीलंट लावला की त्याची वाफ सेन्सर मारते. तसं असेल तर कारण दूर केल्याशिवाय नवा सेन्सर लावून उपयोग नाही, तोही मरेल.

नव्याच्या आट्यांवर कारखान्यातूनच लेप होता, त्यामुळे वेगळं काही लावलं नाही. टोकाला बोट नाही, तेल नाही. हातातून फरशीवर पडला तर लावू नये, आतलं सिरॅमिक तडकतं. आधी हाताने फिरवत शेवटपर्यंत नेला आणि मग पान्याने आवळला. मामांच्या टॉर्क पान्यावर ४० न्यूटन-मीटर लावले. तार मूळ क्लिपमध्येच बसवली, सायलेन्सरपासून लांब.

आता साडेसात महिने. डायरीप्रमाणे १३ हजार किलोमीटरच्या वर झाले. दिवा लागलेला नाही. माल भरून ॲव्हरेज २० ते २१. महिन्याला १८०० किलोमीटर धरले तर १७ च्या हिशोबापेक्षा साधारण १८ किलो गॅस वाचतो, किलोला ऐंशी रुपये धरून चौदाशेच्या पुढे. चार महिन्यांच्या आतच सेन्सर, रीडर, सॉकेट, सगळं वसूल झालं. पहाटे थंड गाडी सुरू केल्यावर येणारा उग्र वास गेला, हे पैशांत मोजता येत नाही, पण कळव्याला शाळेच्या गेटशेजारी गाडी सुरू ठेवावी लागते तेव्हा मला त्याचं बरं वाटतं.

पावसाची धास्ती होती. जुलैत विटाव्याच्या रेल्वे पुलाखाली पाणी साचलं तेव्हा मी गाडी घातली नाही, मागे वळवून ऐरोलीच्या बाजूने फिरून गेलो. तापलेल्या सेन्सरवर एकदम गार पाणी बसलं तर तो तडकू शकतो, आणि ३४०० रुपयांपेक्षा तो फेरा स्वस्त.

अजून एक काम माझ्याकडून राहिलंय. कपलरची मूळ क्लिप नोव्हेंबरात काढताना किंचित चिरली, ती जानेवारीत तशीच बसवली. सध्या धरून आहे, पण खड्ड्यांत हलते. नवी मागवलीय, गणपतीच्या सुट्टीत बदलणार.

दर महिन्याच्या पहिल्या रविवारी मोबाइल जोडून बघतो. पुढच्या सेन्सरचा आलेख ०.१ ते ०.९ मध्ये सारखा वरखाली नाचतो, मागच्याचा ०.६५ च्या आसपास जवळजवळ सपाट राहतो. मागचा असा शांत असला की कॅट कन्व्हर्टर त्याचं काम करतोय. ज्या कॅट कन्व्हर्टरची मला भीती घातली होती, तो ठणठणीत आहे. मामा आले की चहा घेत घेत तो आलेख बघत बसतात. एसटीत असताना हे असं डोळ्यांनी दिसलं असतं तर, म्हणतात, आणि मोबाइल परत माझ्या हातात देतात.