पांगुळगाडा: रंगाआधी मूठ बघा

अग्रलेखात एखाद्या अनुदानाला हिणवायचं असलं की 'पांगुळगाडा' हा शब्द हटकून येतो. चालायला शिकणारं मूल मूठ धरून ढकलतं त्या लाकडी पांगुळगाड्यावर हा अन्यायच आहे. मूल स्वतःच्या पायांवर उभं राहून ढकलत नाही तोवर तो वीतभरही सरकत नाही. सगळं काम मुलाचं, गाडा फक्त टेकायला.

उलट 'वॉकर' म्हणून मिळतं ते गोल, झोळीवालं प्लास्टिकचं कडं. त्यात मूल लोंबकळतं आणि चवड्यांनी जमीन मागे रेटतं. टाचेवर भार नाही, तोल सावरायची गरज नाही, समोरच्या ट्रेमुळे स्वतःचे पायही दिसत नाहीत. वेग मात्र सेकंदाला तीन फुटांच्या वर जातो आणि हात ओट्यावरच्या चहापर्यंत किंवा इस्त्रीच्या वायरीपर्यंत पोचतो. कॅनडाने २००४ साली या वस्तूच्या विक्रीवरच बंदी घातली. अमेरिकेत १९९० ते २०१४ या काळात १५ महिन्यांखालच्या २ लाख ३० हजारांहून अधिक बाळांना यामुळे तातडीच्या उपचारांसाठी न्यावं लागलं, बहुतेक जिन्यावरून पडून. लवकर चालायला शिकवतो हा दावाही खोटाच, त्याने चालणं लांबूच शकतं. कोणी भेट दिलाच तर माळ्यावर टाका.

आता गाड्याकडे. खाली तिकोनी चौकट, पुढे एक चाक, मागे दोन, आणि मागच्या बाजूला उभ्या दांड्यांवर आडवी मूठ. सावंतवाडीच्या चितार आळीसारख्या लाकडी खेळण्यांच्या बाजारात तो शोधावा. गिऱ्हाईक आधी रंग बघतं, तिथेच चुकतं. आधी मुठीची उंची मोजा. ती मुलाच्या बेंबीच्या वर आणि छातीच्या खाली यायला हवी. वर्षाच्या मुलाची उंची साधारण ७५ सेंटिमीटर धरली, तर मूठ जमिनीपासून ४२ ते ४८ सेंटिमीटरवर. खाली असली तर मूल कमरेत वाकून सगळा भार मुठीवर टाकतं, वर असली तर लटकतं. मूठ इतकी बारीक हवी की मुलाची बोटं तिच्याभोवती पुरती वळतील.

दुसरी परीक्षा दुकानातच करायची: मूठ धरून मागे-खाली ओढा. पुढचं चाक चटकन उचललं गेलं तर हा गाडा मुलाच्या अंगावर येणार. कारण मूल आधी ढकलत नाही, आधी मूठ धरून स्वतःला वर खेचतं. मूठ मागच्या कण्याच्या, म्हणजे दोन चाकं जोडणाऱ्या दांड्याच्या, जितकी मागे, तितका गाडा लवकर उलटतो. ती कण्याच्या थोडी पुढे असलेला नग निवडा. पांगाऱ्याच्या हलक्या लाकडाचा गाडा असेल तर पुढच्या चौकटीवर दीड-दोन किलो तांदळाची पिशवी सुतळीने घट्ट बांधा. वीट किंवा पाटा ठेवू नये. घसरला तर पायाच्या बोटांवर येतो.

तिसरी अडचण गुळगुळीत टाइल्सची. चाकं सुसाट पळतात, मूल मागे राहतं आणि तोंडघशी पडतं. सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी चाकांवर चढवा, किंवा कण्याच्या नटाखाली वॉशर घालून नट आवळा. दोन्ही मागची चाकं सारखीच आवळायची, नाहीतर गाडा एका बाजूला ओढतो. एका बोटाने ढकलून सोडल्यावर गाडा वीतभरात थांबला पाहिजे. नट वापराने सैल होतात, आठवड्याला एकदा बघावे.

रंग शेवटी, पण सोडायचा नाही, कारण दात येणारं मूल मूठच चावतं. घरगुती रंगात शिशाची मर्यादा ९० पीपीएम, म्हणजे दहा लाख भागांत ९०, आहे. १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांना आयएसआय खूण सक्तीची झाली, मात्र नोंदणीकृत हस्तकारागिरांना सूट आहे. म्हणून खूण नसली की माल वाईटच, असं नाही. ओल्या पांढऱ्या फडक्याने घासून रंग सुटतो का ते बघता येतं, शिसं मात्र त्यातून कळत नाही. मूठ बिनरंगाची, नीट घासलेली मिळाली तर उत्तम.

प्लास्टिकचा ढकलगाडा, तो गाणी-बटणांचा, वजनाला हलका आणि उलटायला तयार. बसून बटणं दाबायला ठीक.

गाडा द्यायचा कधी? मूल पलंगाची कड धरून आडवं चालू लागलं की. त्याआधी आणून उपयोग नाही, शेजारचं मूल दहाव्या महिन्यात चाललं असलं तरी. आधाराशिवाय चालणं आठव्यापासून अठराव्या महिन्यापर्यंत कधीही येऊ शकतं. अठरा महिने उलटूनही येत नसेल, किंवा एक पाय सतत ओढला जात असेल, तर बालरोगतज्ज्ञांना दाखवा. एका वेळी दहा-पंधरा मिनिटं पुरे. पाय उघडे हवेत, टाइल्सवर मोजे म्हणजे घसरगुंडी. जिन्याला फाटक, आणि मोठं माणूस हाताच्या अंतरावर.

भिंतीला धडकून मूल रडलं की पुढचं टोक उचलून गाडा वळवून द्या. काही आठवड्यांत ते स्वतःच मूठ तिरकी रेटायला शिकतं. पुढे चालता आलं तरी गाडा सुटत नाही. त्यात वाट्या, कांदे, चपला भरून घरभर फेऱ्या सुरू होतात. तेव्हा तांदळाची पिशवी सोडून घ्या.