साठीनंतर नुसतं चालणं की ताकदीचे व्यायामही?

साठी उलटली की सल्ला एकच मिळतो: रोज चालत जा. सल्ला चांगला आहे. पण आठवड्यात व्यायामासाठी चार तासच निघत असतील, तर ते सगळे चालण्यात घालवावेत का? माझं मत सुरुवातीलाच देऊन टाकू. सध्या काहीच करत नसाल, तर चालण्यापासून सुरुवात करा. रोज अर्धा-पाऊण तास चालत असाल, तर चालणं आणखी वाढवू नका. तो जादा वेळ ताकदीच्या व्यायामाला द्या.

चालण्याने दम वाढतो, रक्तदाब आणि रक्तातली साखर आटोक्यात राहायला मदत होते, झोप सुधारते. साधन लागत नाही, शिकावं लागत नाही, त्यामुळे ते वर्षानुवर्षं टिकतं. हा फायदा लहान नाही, कारण सोडून दिलेल्या व्यायामाचा उपयोग शून्य. पण सपाट रस्त्यावर पायांना सवयीचाच भार पडतो, आणि सवयीच्या भाराने स्नायू वाढत नाहीत. हात, खांदे आणि पाठ यांना तर जवळजवळ काहीच काम मिळत नाही.

वय वाढतं तसे स्नायू घटतात. ताकद त्याहूनही वेगाने घटते. या झिजेला 1989 मध्ये अर्विन रोझेनबर्ग यांनी ‘सार्कोपेनिया’ हे नाव सुचवलं. वजनकाट्यावर ती दिसत नाही, कारण स्नायू गेले तरी त्यांची जागा चरबी घेते आणि आकडा तोच राहतो. ‘माझं वजन वीस वर्षांत बदललेलं नाही’ एवढ्यावर म्हणूनच समाधान मानू नये. जिना चढताना कठडा धरावा लागतो का, जमिनीवरून उठताना हाताचा आधार लागतो का, हे जास्त खरं सांगतं.

ताकदीचे व्यायाम म्हणजे डंबेल्स, रबरी बँड, जिममधली यंत्रं किंवा स्वतःच्या शरीराचंच वजन. ‘आता या वयात कुठे?’ या शंकेला 1990 मध्येच उत्तर मिळालं. सरासरी 90 वर्षं वयाच्या 10 वृद्धाश्रमवासीयांनी मांड्यांच्या स्नायूंसाठी आठ आठवडे चांगलं जड वजन वापरून व्यायाम केला. शेवटपर्यंत टिकलेल्या नऊ जणांच्या पायांची ताकद सरासरी 174 टक्क्यांनी वाढली. नव्वदीत हे होत असेल, तर पासष्टीत उशीर झाला असं कोणी म्हणू नये.

दोन्ही पर्याय थेट शेजारी ठेवून पाहायचे, तर 2017 मध्ये प्रसिद्ध झालेला अमेरिकेतला एक प्रयोग फार उपयोगी आहे. पासष्टीपुढच्या 160 स्थूल स्त्री-पुरुषांवर तो झाला. त्यात सहा महिने आहार कमी करून वजन उतरवणारे तीन गट होते: एक चालण्यासारखे दमाचे व्यायाम करणारा, एक ताकदीचे, आणि एक दोन्ही. तिन्ही गटांत वजन सुमारे 9 टक्के उतरलं. पण दमाच्या गटाने चरबीविरहित वजनातलं 5 टक्के गमावलं, ताकदीच्या गटाने 2 टक्के, दोन्ही करणाऱ्यांनी 3 टक्के. नितंबाच्या हाडाची घनता पहिल्या गटात 3 टक्के घटली, ताकदीच्या गटात अर्धा टक्का. दमाच्या बाबतीत मात्र चित्र उलटं होतं: दमाच्या गटाची प्राणवायू वापरण्याची क्षमता 18 टक्के वाढली, ताकदीच्या गटाची 8 टक्के. उठणं, चढणं, उचलणं अशा रोजच्या हालचालींच्या चाचणीत एकेक प्रकार करणारे 14 टक्क्यांनी सुधारले, दोन्ही करणारे 21 टक्क्यांनी.

म्हणून वजन उतरवायचं ठरवलं असेल, तर ताकदीचा व्यायाम ऐच्छिक समजू नका. नुसतं चालून आणि कमी खाऊन उतरलेल्या किलोंमध्ये स्नायू आणि हाडही जातं, आणि उतारवयात ते परत मिळवणं कठीण असतं.

ताकदीच्या व्यायामाची अडचण अशी, की पद्धत चुकली तर सांधा दुखावतो. सुरुवातीचे काही दिवस अंगही दुखतं. जोर लावताना श्वास रोखला तर रक्तदाब एकदम चढतो, तेव्हा जोर लावताना श्वास सोडायचा. हृदयविकार, अनियंत्रित रक्तदाब, अलीकडची शस्त्रक्रिया किंवा ठिसूळ हाडं असतील, तर आधी डॉक्टरांशी बोला आणि पहिले काही आठवडे जाणकारासमोर करा.

निर्णय अडला असेल, तर घरीच एक चाचणी करा. हात छातीशी घडी घालून खुर्चीतून पाच वेळा उठा-बसा. तोल जाण्याची भीती असेल तर कोणाला तरी जवळ उभं करा. आशियाई लोकांसाठी 2019 मध्ये ठरलेल्या निकषानुसार 12 सेकंद किंवा जास्त लागले, तर स्नायूंकडे लक्ष द्यायला हवं. तसं असेल, तर या आठवड्यापासून दोन दिवस ताकदीला द्या, चालणं थोडं कमी झालं तरी चालेल.

जागतिक आरोग्य संघटनेची 2020 ची शिफारसही दोन्हींची आहे: आठवड्याला 150 ते 300 मिनिटं मध्यम श्रमाची हालचाल, किमान दोन दिवस ताकदीचे व्यायाम. शिवाय पडू नये म्हणून तीन दिवस तोल आणि ताकद यांवर भर देणाऱ्या हालचाली. साधन नसेल तर खुर्चीतून उठणं-बसणं, भिंतीला हात टेकून जोर, आणि ओट्याला धरून टाचा उचलणं एवढ्यावर सुरुवात होते. पंधरा वेळा सहज जमू लागलं की भार वाढवा, नाहीतर तोही सवयीचा होतो.